घडते लिनक्सवर, चालते विंडोजवर

१९९६च्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा संगणकीय गेम बाजारात आला, तेव्हा तो खेळणाऱ्यांच्या घरी पेंटियम प्रोसेसरचे संगणक होते आणि गेम चालत होता तो मायक्रोसॉफ्टच्या डॉस या कार्यप्रणालीवर. गेम लिहिणाऱ्यांच्या टेबलांवर मात्र निराळाच सरंजाम होता. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचे प्रोग्रामर ह्युलेट-पॅकार्डच्या यंत्रांवर, स्टीव्ह जॉब्झ यांच्या कंपनीने घडवलेल्या नेक्स्टस्टेप या प्रणालीत काम करीत. लिहिलेला मजकूर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अल्फा सर्व्हरकडे जाई. हा सर्व्हर तिसऱ्याच जातीचा. त्यातून जी फाइल बाहेर पडे ती त्या सर्व्हरवर चालत नसे आणि टेबलावरच्या यंत्रावरही चालत नसे. ती चाले फक्त डॉसवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी.

एका जातीच्या संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी प्रोग्राम तयार करण्याच्या या पद्धतीला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. नाव बोजड असले तरी तिचा लाभ घेत नाही असा मोबाइलधारक शोधून सापडणार नाही. फोनमधला गेम फोनवर बसून कोणी बांधत नाही. तो टेबलावरच्या संगणकावर बांधला जातो आणि तिथून फोनमध्ये उतरतो. मात्र गेम एका साध्या संगणकावर बांधून सर्व प्रकारच्या यंत्रांवर पोचवता यावा, आणि तेही कोणाच्या परवानगीशिवाय, ही अपेक्षा आजही पुरती फळाला आलेली नाही. ती कुठे अडते हे पाहायचे तर आधी कंपायलर नेमके काय करतो हे पाहावे लागेल.

प्रोग्रामर जे लिहितो ती मूळ संहिता माणसाला वाचता येते. प्रोसेसरला ती कळत नाही. त्याला कळतात त्याच्या स्वतःच्या आकडी आज्ञा, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरच्या आज्ञा वेगळ्या. संहितेवरून या आज्ञा तयार करण्याचे काम कंपायलर करतो. सर्वसाधारण कंपायलर स्वतः ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्राच्या आज्ञा लिहितो. पण तसे बंधन त्याच्यावर नाही. त्याला फक्त एक फाइल लिहायची असते, ती चालवून पाहायची नसते. पुण्याच्या छापखान्यात कन्नड पुस्तक छापता येते. खिळे कन्नड असले की झाले, छापणाऱ्याला कन्नड वाचता येण्याची गरज नाही. मुद्रिते तपासायला मात्र कन्नड जाणणारा माणूस आणावाच लागतो. क्रॉस-कंपायलिंगची सोय आणि तिची अडचण, दोन्ही या उदाहरणात सामावलेल्या आहेत.

आयडी सॉफ्टवेअरला हे साधले ते मुक्त स्रोत आज्ञावलीमुळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर संहितेसकट खुला केला होता. डी. जे. डेलोरी यांनी १९८९ पासून तो डॉसकडे आणण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून डीजेजीपीपी हा संच उभा राहिला. संहिता खुली असल्याने हाच संच अल्फा सर्व्हरवर चालेल पण आज्ञा डॉससाठी लिहील, अशा रीतीने बांधता आला. वेगवान सर्व्हरवर बांधणी लवकर होई आणि प्रोग्रामरच्या टेबलावरचे यंत्र दिवसभर शाबूत राही. डॉसवर एक चूक झाली की अख्खा संगणक गोठत असे, हे त्या काळी संगणक वापरलेल्या वाचकांना आठवत असेल.

(कंपायलर एका यंत्रावर बांधायचा, तो दुसऱ्यावर चालायचा आणि त्याने प्रोग्राम तिसऱ्यासाठी तयार करायचे, असाही प्रकार असतो. त्याला प्रोग्रामरांच्या बोलीत ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. हे नाव पडले तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढेच कारण!)

उलट क्रमाचे आकडे

गेम इंजिन म्हणजे गेमचा न दिसणारा भाग. चित्र रेखाटणे, आवाज काढणे, कळ दाबल्याची दखल घेणे, वस्तू पडली की ती कशी उसळेल याचा हिशेब ठेवणे ही इंजिनाची कामे. नकाशे, पात्रे, संगीत हा त्यावर चढणारा साज. इंजिन यंत्राच्या अगदी निकट काम करते, म्हणूनच ते परक्या प्रणालीवर नेताना कारकुनी प्रोग्रामापेक्षा अधिक कटकटी उद्भवतात.

पहिली कटकट आकड्यांची. १९९६ ही संख्या संगणक दोन बाइटांत साठवतो: एकात ७, दुसऱ्यात २०४, कारण सात गुणिले २५६ अधिक २०४ म्हणजे १९९६. इंटेलचे प्रोसेसर यातला लहान वाटा आधी लिहितात. ‘क्वेक’ लिहिणाऱ्यांच्या टेबलावरची ह्युलेट-पॅकार्डची यंत्रे मोठा वाटा आधी लिहीत. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने तशीच वाचली, तर १९९६चे ५२ हजार २३१ होतात. भिंत जिथे असायला हवी तिथून ती कोसभर दूर जाऊन उभी राहते. त्यामुळे ‘क्वेक’च्या संहितेत सुरुवातीलाच एक तपासणी ठेवलेली आहे: यंत्र कोणत्या क्रमाचे आहे ते पाहायचे आणि त्यानुसार फाइलीतला प्रत्येक आकडा उलटवायचा किंवा जसाच्या तसा घ्यायचा. ही दक्षता पुढे फार उपयोगी पडली.

आज बहुतेक यंत्रे इंटेलच्याच क्रमाने लिहितात. म्हणून हा पेच मागे पडला असला तरी त्याचे भाऊबंद शिल्लक आहेत. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र ३२ बिटांचाच. बेसावध प्रोग्रामरने या पूर्णांकात गुण आणि आयुष्ये साठवली, तर लिनक्सवर अर्धवट सोडलेला डाव विंडोजवर उघडत नाही. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण दोन्ही ठिकाणी संहिता नियमाला धरूनच असते.

त्याहून क्षुल्लक, आणि म्हणूनच अधिक चीड आणणारी बाब फाइलींच्या नावांची. विंडोजला मोठी आणि छोटी रोमन अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी. विंडोजवरचा प्रोग्रामर विंडोजच्या मुख्य हेडर फाइलीचे नाव सवयीने मोठ्या डब्ल्यूने लिहितो. लिनक्सवर बसून तीच संहिता विंडोजसाठी बांधायला घेतली की कंपायलर पहिल्याच पानावर थांबतो, कारण तिथे ती फाइल छोट्या डब्ल्यूने ठेवलेली असते. गेमच्या चित्रांचेही तेच. झाडाच्या चित्राचे नाव संहितेत मोठ्या अक्षराने आणि फाइलीत छोट्या अक्षराने असले, तर विंडोजवर झाड दिसते आणि लिनक्सवर दिसत नाही.

परक्या घरची भांडी

इथपर्यंतच्या अडचणी प्रोग्रामरच्या स्वतःच्या हातातल्या आहेत. पुढच्या तशा नाहीत. कोणताही प्रोग्राम सगळी कामे स्वतः करीत नाही. खिडकी उघडणे, फाइल वाचणे, ध्वनिक्षेपकाला आवाज देणे ही कामे तो कार्यप्रणालीच्या लायब्ररींकडून करून घेतो. विंडोजसाठी प्रोग्राम बांधायचा तर विंडोजच्या लायब्ररींची यादी आणि त्यांना हाक कशी मारायची याचे नियम हाताशी हवेत. स्वयंपाक आपल्या घरी, पण भांडी परक्या घरची, असा हा प्रकार.

विंडोजच्या बाबतीत ही भांडी स्वयंसेवकांनी नव्याने घडवली. मिंगडब्ल्यू आणि त्यातून निघालेला मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या मुक्त प्रकल्पांनी विंडोजच्या हेडर फाइली आणि लायब्ररींशी जोडणारे दुवे स्वतः लिहून खुले केले. त्यामुळे मायक्रोसॉफ्टची एकही वस्तू विकत न घेता, किंबहुना विंडोज संगणकाला हातही न लावता लिनक्सवर विंडोजचा प्रोग्राम तयार होतो. प्राथमिक तपासणीसाठी वाइन ही आज्ञावली आहे. १९९३ पासून विकसित होत आलेली ही आज्ञावली विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवते. तरीही वाइनवर चाललेला गेम खऱ्या विंडोजवर चालेलच, अशी हमी कोणी शहाणा माणूस देत नाही.

नवख्यांची हमखास फजिती होते ती या टप्प्यावर. बांधणी बिनबोभाट पार पडते, फाइल मित्राला पाठवली जाते आणि मित्राच्या पडद्यावर अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेश झळकतो. कारण कंपायलरच्या स्वतःच्या काही लायब्ररी बांधणीच्या संगणकावर असतात. मित्राच्या संगणकावर त्या असण्याचे कारण नसते. उपाय सोपा आहे: त्या लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घालून द्यायच्या. फाइल थोडी जाडजूड होते, पण कोणाकडे काही मागत नाही.

लिनक्ससाठी लिनक्सवरच बांधणी करण्यातही असाच एक खड्डा आहे. ताज्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लिनक्सवर चालेलच असे नाही, कारण तो मूलभूत लायब्ररीची नवी आवृत्ती मागतो. म्हणून जाणते लोक लिनक्ससाठीची बांधणी मुद्दाम जुन्या लायब्ररीवर करतात. नवे जुन्यावर बांधणे हेही एका अर्थी परक्या प्रणालीसाठी बांधणेच झाले.

लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची असली म्हणजे काय होते, हे आयडी सॉफ्टवेअरच्याच ‘डूम’ या आधीच्या गेमने दाखवून दिले. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या गेमची संहिता जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९७ मध्ये खुली केली. लाखो लोक तो खेळले होते ते डॉसवर; खुली झाली ती मात्र लिनक्स आवृत्तीची संहिता. डॉस आवृत्तीतला आवाज ज्या लायब्ररीतून येत होता ती बाहेरून घेतलेली होती आणि तिची संहिता वाटण्याचा हक्क कंपनीला नव्हता. स्वतःचेच घर खुले करताना एका खोलीची किल्ली शेजाऱ्याकडे निघावी, तसे हे झाले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक’ची संहिता जीपीएल परवान्याखाली आली. तिच्यातले काही भाग वेगासाठी थेट इंटेलच्या आज्ञांत हाताने लिहिलेले होते. अन्य कोणत्याही प्रोसेसरला ते निरुपयोगी. पण त्यांच्या जोडीला तेच काम करणारी सी भाषेतली संहिताही ठेवलेली होती. ती नसती तर पुढच्या काळात या इंजिनाच्या इतक्या प्रणालींवर आवृत्त्या निघाल्या नसत्या. खुले झाले ते इंजिन, हेही ध्यानात घ्यावे. नकाशे, चित्रे आणि ध्वनी कंपनीच्याच मालकीचे राहिले.

गोदोची वाट

आजच्या मुक्त इंजिनांत ‘गोदो’चे नाव आघाडीवर आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी घडवलेल्या या इंजिनाची संहिता फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुली झाली. नाव घेतले आहे सॅम्युअल बेकेट यांच्या नाटकावरून. इंजिन कधीच पूर्ण होणार नाही, त्यात नव्या सोयींची वाट पाहणे चालूच राहील, अशी त्यामागची मिश्कील कल्पना. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या व्यावसायिक इंजिनाच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क घेण्याचे जाहीर केले, तेव्हा धास्तावलेले अनेक गेमकार गोदोकडे वळले. युनिटीने वर्षभरात ते शुल्क मागे घेतले. पण दुसऱ्याच्या इंजिनावर उभ्या राहिलेल्या धंद्याची अवस्था काय असते, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते.

गोदोच्या अधिकृत आवृत्त्या बांधण्याची रीत या विषयाचा वस्तुपाठच म्हणता येईल. विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि ब्राउझर यांच्यासाठीची इंजिने लिनक्सच्या बंदिस्त, ठरावीक साहित्याच्या कप्प्यांत, ज्यांना कंटेनर म्हणतात त्यांत, तयार होतात. कोणत्या प्रणालीसाठी बांधायचे ते बांधणीच्या आज्ञेत एका शब्दाने सांगायचे. विंडोजसाठी मिंगडब्ल्यू, अँड्रॉइडसाठी गूगलचा एनडीके संच, ब्राउझरसाठी एमस्क्रिप्टेन. कप्पा ठरावीक असल्याने आज बांधलेले आणि महिन्याने बांधलेले इंजिन सारख्याच साहित्यातून निघते. एखाद्या स्वयंसेवकाच्या संगणकावर काय आहे आणि काय नाही, यावर काही अवलंबून राहत नाही.

गेमकाराला तर कंपायलर दिसतही नाही. त्याला या तयार इंजिनांचा संच मिळतो. तो आपला गेम लिहितो, निर्यातीचा आदेश देतो. गोदो त्याची चित्रे, नकाशे आणि संहिता एका गाठोड्यात बांधते आणि हव्या त्या प्रणालीच्या तयार इंजिनाशेजारी ठेवते. गाठोडे सर्वत्र बहुतांशी तेच, बदलते ते इंजिन. नाशिकमधल्या एखाद्या विद्यार्थ्याने लिनक्सच्या जुन्या संगणकावर रचलेला गेम संध्याकाळी विंडोजवाल्या मित्राकडे चालतो, तो या व्यवस्थेमुळे. तिच्यामागचे कष्ट इंजिन बांधणाऱ्यांनी एकदाच उपसलेले असतात.

एकदाच म्हणायचे, पण ते थोडके नाहीत. बांधणीच्या मध्येच एखादा प्रोग्राम चालवून पाहण्याची वेळ आली की क्रॉस-कंपायलिंग अडखळते, कारण जे बांधले ते इथे चालतच नाही. सी-शार्प भाषेला आधार देणाऱ्या गोदोत नेमके हेच घडते. आधी इंजिन बांधणाऱ्या संगणकासाठी ते बांधायचे, चालवायचे, त्याच्याकडून सांध्याची संहिता लिहवून घ्यायची आणि मग ती परक्या प्रणालीच्या बांधणीत घालायची.

लायब्ररींच्या बाबतीत गोदोने सावध मार्ग पत्करला. शक्य तितक्या बाहेरच्या मुक्त लायब्ररींची संहिता इंजिनाच्या संहितेतच ठेवून दिलेली आहे. याचा एक लाभ मराठी वाचकाला थेट पोचतो. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी मजकूर पडद्यावर विस्कटत असे. जोडाक्षरे सुटी पडत आणि ‘किल्ला’ लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ आणि आयसीयू या लायब्ररी इंजिनात समाविष्ट झाल्या आणि जोडाक्षरे जुळली. अक्षरजुळणी कार्यप्रणालीवर सोपवलेली नसून इंजिनाबरोबरच बांधली जात असल्याने लिनक्सवर जो ‘किल्ला’ दिसतो तोच विंडोजवर आणि तोच अँड्रॉइडवर. हार्फबझ विंडोजसाठी वेगळी बांधायला गेले असते तर मागे सांगितलेली सगळी कसरत पुन्हा करावी लागली असती.

दारावरचा पहारा

विंडोजची भांडी स्वयंसेवकांनी घडवली, अँड्रॉइडची गूगलने स्वतःच लिनक्सवर उपलब्ध करून दिली. ॲपलची तऱ्हा वेगळी. लिनक्सवर मॅकसाठी प्रोग्राम बांधणारा ओएसएक्सक्रॉस हा मुक्त संच आहे आणि गोदो तो वापरते. मात्र त्याला लागणाऱ्या हेडर फाइली आणि लायब्ररींचे दुवे ॲपलच्या एक्सकोड या संचातून काढावे लागतात. एक्सकोडला पैसे पडत नाहीत, पण त्याच्या करारात तो ॲपलच्याच संगणकांवर वापरण्याचे बंधन आहे. गोदोच्या कप्प्यांची कृती खुली आहे, कोणीही ती घेऊन पाहावी; मात्र त्यात ॲपलचा भाग नाही. तो ज्याचा त्याने आणून घालायचा.

फाइल तयार झाल्यावरही काम संपत नाही. २०१९ मधील कॅटलिना या आवृत्तीपासून मॅक प्रणाली बाहेरून उतरवलेल्या प्रोग्रामवर विकासकाची सही आणि ॲपलची पोचपावती मागते. ती नसेल तर वापरणाऱ्याला अशी काही धमकीवजा सूचना दिसते की तो गेम उघडण्याऐवजी काढूनच टाकतो. सहीसाठी लागणारे प्रमाणपत्र ॲपलच्या विकासक योजनेतून मिळते. तिचे शुल्क अमेरिकेत वर्षाला ९९ डॉलर आहे. ही सही करण्याची मुक्त आज्ञावली आता लिनक्सवरही आहे आणि गोदो तिला ओळखते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. आयफोनच्या गेमची निर्यात मात्र एक्सकोड असलेल्या मॅकवरूनच करावी लागते. ज्याच्यापाशी मॅक नाही त्याने तो उसना घ्यायचा किंवा आयफोनचा नाद सोडायचा.

सुरक्षिततेचे कारण अगदीच पोकळ नाही. सही असली की फाइल वाटेत कोणी बदलली नाही हे कळते आणि घातक आज्ञावली पसरवणाऱ्याचे प्रमाणपत्र रद्द करता येते. पण सही तपासण्यासाठी बांधणी अमुक कंपनीच्याच संगणकावर झाली पाहिजे, या अटीची गरज नसते. ही अट संगणक विकण्यासाठी आहे, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे कठीण आहे.

सोनी आणि निन्टेन्डो यांच्या खेळयंत्रांपाशी तर दार पुरतेच बंद आहे. त्यांच्यासाठी लागणारी साधने नोंदणीकृत विकासकांनाच मिळतात आणि तीही गुप्ततेच्या करारावर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचीही रीत हीच. ज्या संहितेत या साधनांना हाक मारलेली असते ती जाहीर करता येत नाही, आणि गोदोसारख्या प्रकल्पाची तर संहिता जाहीर असणे ही पहिली अट. कंपायलर तयार आहे, प्रोसेसर ओळखीचा आहे, बांधणारे हातही आहेत. तरीही या यंत्रांसाठीचे इंजिन गोदोच्या खुल्या संहितेत नाही. २०२२ मध्ये गोदोच्याच काही प्रमुख मंडळींनी डब्ल्यू४ गेम्स ही खासगी कंपनी काढली, ती मुख्यतः ही फट भरण्यासाठी. गेमकाराने आधी यंत्राच्या निर्मात्याकडे विकासक म्हणून मान्यता मिळवायची, मग अशा एखाद्या कंपनीकडून बंद संहितेचे इंजिन घ्यायचे आणि त्यावर आपले तेच गाठोडे चढवायचे, असा सध्याचा रिवाज आहे.